पाणी बंदची सूचना कोणी द्यायची: खात्याने की मध्यवर्ती माहिती कक्षाने?

सूचनाफलक: प्रत्येक खात्याने आपापल्या सूचना पाठवणं बंद व्हावं आणि सगळं एका माहिती कक्षातून जावं, असं माझं ठाम मत आहे. पाणी खातं लिहितं, "उत्तर विभाग, टाकी क्र. ४ वरील भाग". आपल्या नळाला कुठल्या टाकीचं पाणी येतं हे किती रहिवाशांना ठाऊक असतं? सूचनेत रस्त्यांची नावं हवीत. तीही सही-शिक्क्याचा कागद स्कॅन करून टाकली, की दृष्टिहीनांचं वाचक-सॉफ्टवेअर त्यातलं अक्षरही वाचत नाही. मजकूर टाइप केलेलाच हवा.

वॉल्व्हचावी: पूर्ण असहमत. मुख्य वाहिनी फुटली की वॉल्व्ह तासाच्या आत बंद होतो. मसुदा कक्षाकडे जाणार, तिथून मंजुरीला, मग परत. तोवर नळ कोरडे पडलेले असतात. शिवाय "काम ५ वाजता पूर्ण" आणि "पाणी ५ वाजता" यांत मोठा फरक आहे. रिकामी वाहिनी हळूहळू भरावी लागते, हवा काढावी लागते, सुरुवातीचं गढूळ पाणी सोडून द्यावं लागतं. उंचावरच्या आणि टोकाच्या घरांना सगळ्यात शेवटी मिळतं. म्हणून सूचनेत दोन वेळा लागतात, काम संपण्याची आणि पूर्ण दाब येण्याची. मजकूर आटोपशीर करायच्या नादात कक्ष नेमकी दुसरीच वेळ गाळतो.

सत्तरअक्षरी: वाद कोणाच्या सहीचा आहे, पण मजकुराचं काय? देवनागरी एसएमएसमध्ये ७० चिन्हं मावतात, रोमन लिपीत १६०. काना-मात्रा-अनुस्वार वेगळे मोजले जातात. "पाणीपुरवठा खंडित करण्यात येणार आहे" यातच ३४ चिन्हं गेली, ठिकाण आणि वेळ अजून यायचीच आहे. "पाणी बंद" लिहा, अंतरासकट आठ. ७० च्या पुढे गेलं की संदेशाचे ६७-६७ चे तुकडे होतात, पैसेही तुकड्यागणिक लागतात, आणि एखादा तुकडा अडकला की वाचणाऱ्याला अर्धीच सूचना मिळते.

सूचनाफलक: @वॉल्व्हचावी, तातडीचं मान्य. पण "पाणी उकळून प्या" ही सूचना घ्या. किती उकळायचं? खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट, २००० मीटरहून उंच गावी तीन मिनिटं. हे लिहिलेलंच नसतं. त्याहून वाईट म्हणजे सूचना मागे घेतल्याचं कोणी कळवत नाही. पाण्याचे नमुने चांगले आले की खात्याच्या दृष्टीने विषय संपतो, घरोघरी मात्र लोक उकळतच बसतात. पुढच्या वेळी ते सूचना गांभीर्याने घेणार नाहीत. कुठली सूचना चालू आहे याची नोंदवही कोणाकडे तरी हवीच.

वॉल्व्हचावी: नोंदवही कक्षाने जरूर ठेवावी, पाठवायचं बटण मात्र आमच्याकडे. सूचनेच्या मजकुराचे नमुने आधीच मंजूर करून ठेवा, अभियंत्याने ठिकाण आणि दोन्ही वेळा भरायच्या, बस. फक्त एसएमएसवर विसंबू नका. बिलावरचा क्रमांक घरमालकाचा असतो, भाडेकरूला संदेश जातच नाही. त्याच्यासाठी जिन्याखाली कागद चिकटवणं आणि भोंग्याची गाडी फिरवणं चुकत नाही.

सूचनाफलक: दोन्ही वेळा नमुन्यातच सक्तीच्या करणार असाल, रिकाम्या ठेवल्या तर संदेश पुढेच जाणार नाही अशा, तर बटण तुमच्याकडे राहू दे. सूचना मागे घेण्याची तारीखही मात्र त्याच नमुन्यात हवी. ती भरेपर्यंत कक्ष रोज विचारत राहील.