हेडफोनचे कप शिसवीचे करून घ्यावेत का? मदत हवी आहे

खर्जातला

नमस्कार मंडळी. फॉस्टेक्सचा टीएच-एक्स०० हेडफोन, महोगनी लाकडाच्या कपांचा (कप म्हणजे कानावरची बाहेरची वाटी), सेकंडहँड मिळालाय. तंबोरा सुरेख ऐकू येतो, गळाही. तक्रार एकच, डग्ग्याचा घुमार फार पसरतो. विलंबितात मींड आली की गायकाच्या खर्जावर चढते.

याच मॉडेलचे पर्पलहार्ट आणि एबनीचे कपही निघाले होते आणि लोक त्यांच्या आवाजातला फरक छातीठोकपणे सांगतात. डेनॉनने डी७२०० अक्रोडात काढला, डी५२०० झेब्रावुडमध्ये, डी९२०० बांबूत. सोनीने १९८९ साली एमडीआर-आर१० ला झेलकोव्हाचं लाकूड वापरलं. एवढ्या कंपन्या उगाच लाकडामागे लागल्या नसतील ना?

सावंतवाडीला लाकडी खेळणी करणाऱ्या एका कारागिरांशी ओळख आहे. लेथवर कप काढून देतो म्हणतात. शिसवी, सागवान, फणस, काय हवं ते. घुमार आवरायचा तर कोणतं घेऊ? माझा कल शिसवीकडे आहे.

ओहम_शांती

आधी सांगा, पॅड, म्हणजे कानाभोवती टेकणाऱ्या गाद्या, कसे आहेत? सेकंडहँड म्हणताय म्हणून विचारतो. पॅड दबले, कानाभोवती फट राहिली, की सगळ्यात खोलचा बास गळतो आणि त्याच्या वरचा पट्टा पुढे आल्यासारखा वाटतो. तुमची तक्रार नेमकी त्या पट्ट्याची वाटतेय.

आता लाकूड. हवेतून आलेला ध्वनी सेंटीमीटरभर जाडीच्या कुठल्याही टणक लाकडावर आदळला की जवळजवळ सगळाच परत फिरतो. सागवान असो की एबनी, हवेच्या मानाने दोन्ही भिंतीच. फरक पडतो तो आतल्या पोकळीने. डग्ग्याचा घुमार साधारण १०० हर्ट्झच्या आसपास धरा. त्याची तरंगलांबी ३ मीटरच्या वर जाते. तिच्यापुढे कप म्हणजे नुसती हवेची स्प्रिंग. पोकळी लहान केली की स्प्रिंग कडक होते आणि बासचा उंचवटा सरकतो. कपाचा आकार, खोली आणि आतला फेल्ट (आवाज शोषणारा नमदा) वरच्या पट्ट्यात बोलतात. ड्रायव्हरपासून (आतल्या छोट्या स्पीकरपासून) मागची भिंत ३ सेंटीमीटरवर असेल तर ५७०० हर्ट्झच्या आसपास ध्वनी आतच घुटमळतो. तुमचा रोग तिथला नाहीच.

खर्जातला

पण दादा, मिरजेला तंबोरा करणारे तुणीचं लाकूड निवडून घेतात. ते काय वेडे आहेत?

ओहम_शांती

अजिबात नाहीत. तंबोऱ्याची तबली, म्हणजे भोपळ्यावरची लाकडी फळी, पातळ असते, ती थरथरावी म्हणूनच. हेडफोनच्या कपाने गप्प बसायचं असतं. कप थरथरला तर तो दोष. लाकडाला अंतर्गत दमन, म्हणजे थरथर आतल्या आत जिरवण्याचा गुण, बरं असतं, पातळ प्लास्टिकसारखं ते वाजत नाही, म्हणून कंपन्या वापरतात. आणि दिसतंही देखणं, तेही कारण लहान नाही!

दोन लाकडांचे हेडफोन शेजारी ठेवून केलेली तुलना मी फारशी मानत नाही. पॅड वेगळे, फेल्ट कमीजास्त, शिवाय एकाच ड्रायव्हरच्या दोन नगांतही थोडा फरक असतो. एकच जोडी घ्यायची, कप तेवढे बदलायचे, पॅड तेच ठेवायचे, दोन्ही वेळा मोजायचं. मग बोलू.

रंधा

मी सुतारकाम करतो, आवाजातलं फार कळत नाही. लाकूड मात्र पूर्ण सुकलेलं घ्या. ओलसर शिसवी लेथवर छान दिसते आणि नंतर तडकते, कपाची भिंत पातळ असल्यावर तर हमखास. वजनही बघा, सागवान घनमीटरला सुमारे ६५० किलो, शिसवी ८०० च्या वर. तेवढा भार डोक्यावर येणार. कारागिरांना मास्क लावायला सांगा, शिसवीचा भुसा काहींना बाधतो. आणि आतलं माप जुन्या कपाबरहुकूम ठेवा, बाहेरून हवी ती नक्षी करा.

खर्जातला

पॅड सपाट झालेत, खरंय. आधी नवे मागवतो. तोवर फोनच्या इक्वलायझरवर १२० हर्ट्झला ३ डेसिबल कमी केलं, खर्ज बराच मोकळा झाला. कप मात्र शिसवीचेच करणार, ते दिसण्यासाठी. रंधा, आतला जुना फेल्ट उचकटून नव्या कपात चिकटवता येईल की नवाच आणू?

रंधा

नवाच आणा. जाडी तीच घ्या, नाहीतर ओहमसाहेब पुन्हा ओरडतील.