'शांती लाभो' जिवंत माणसाला म्हणता येतं का?

सायली_अनुवाद
माझी आतेबहीण लहानपणापासून मेलबर्नला. पुढच्या आठवड्यात बाबांची बायपास आहे, म्हणून तिनं इंग्रजीत चार ओळी पाठवल्यात. शनिवारी घरच्या प्रार्थनासभेत त्या मराठीत वाचायच्या आहेत. पहिलं वाक्य मी असं केलं: 'मामा, या संकटात ख्रिस्ताची शांती तुम्हांला लाभो.' आईनं तिथंच अडवलं. "शांती लाभो हे श्रद्धांजलीत छापतात. जिवंत माणसाला असं म्हणू नये." पण बायबलातलं येशूचं 'मी आपली शांती तुम्हांला देतो' (योहान १४:२७) आम्ही जन्मापासून ऐकतोय, ते कधी कुणाला खटकलं नाही. मग इथं काय लिहू?

नगरकर
आई बरोबर आहेत. दोष 'शांती'चा नाही, 'लाभो'चा. 'मृतात्म्यास शांती लाभो' ही जोडी वर्तमानपत्रांनी इतकी पक्की केलीय की दुसरं काही ऐकूच येत नाही. 'ख्रिस्त तुम्हांला आपली शांती देवो' असं करा. योहानाच्या वचनातही देणारा समोर आहे. आणि तो ते कधी बोलतो बघा. शेवटच्या भोजनाच्या वेळी. त्याच रात्री त्याला धरून नेलं. संकट टळल्यावरची ही शांती नव्हे, म्हणून तर पुढे 'जसे जग देते तसे मी तुम्हांला देत नाही' असं येतं. तुमच्या बाबांना तेच हवं आहे.

व्युत्पत्तीवेडा
मुळात 'शांती' हाच शब्द तोकडा आहे. धातू शम्, म्हणजे शमणे, थांबणे. आग शमते, भूक शमते, आणि 'काका शांत झाले' म्हणजे गेले. वास्तुशांत, उदकशांत यांतही काहीतरी शमवायचंच असतं. हिब्रू 'शालोम'च्या धातूत पुरेपणा आहे, काही उणं नसणं आहे. तमिळ आणि मल्याळम बायबलात योहानाच्या याच वचनात 'समाधान' हा शब्द आहे. आपल्याकडे रामदासांनी दासबोधात तो किती वजनानं वापरलाय! 'ख्रिस्ताचं समाधान' म्हणून बघा.

सोलापूरची
समाधान नको हो. शंकेचं समाधान, 'प्रकृती समाधानकारक'. ऑपरेशनला निघालेल्या माणसाला हे दुसरं तर नकोच. माझं मत 'विसावा'. 'अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या, म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन' (मत्तय ११:२८). १९७२च्या दुष्काळात आजी खडी फोडायला जायची. अक्षरओळख नव्हती, पण हे वचन पाठ होतं, आणि अंथरुणावर पडल्यावर ती ते मोठ्यानं म्हणायची. आम्ही पोरं अर्धपोटी, ऐकत झोपायचो. भाकरी काही वाढली नाही त्यानं, पण तिचा आवाज कधी घाबरा नसायचा. 'भाराक्रांत' म्हणजे काय ते आम्हांला कोणी सांगावं लागलं नाही.

व्युत्पत्तीवेडा
आजींना नमस्कार. पण स्मशानाच्या वाटेवर तिरडी खाली ठेवतात त्या जागेलाही 'विसावा'च म्हणतात. सायलीताईंच्या आई पुन्हा अडवतील.

सोलापूरची
पालखीचाही विसावा असतो. एका अर्थानं दुसरा मरतो होय?

कुपारी_वसई
आमच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, कम्युनिअनच्या (ख्रिस्तप्रसाद घेण्याच्या) आधी शेजारच्याला 'ख्रिस्ताची शांती' म्हणायचं असतं. आमच्या पॅरिशमधले दोन भाऊ वाडीच्या बांधावरून वर्षानुवर्षं बोलत नव्हते. कॅन्सर निघाल्यावर थोरला मुद्दाम धाकट्याच्या बाकावर जाऊन उभा राहिला आणि ते दोन शब्द म्हणाला. एवढंच. त्यानंतर केमोला धाकटाच घेऊन जायचा. विसावा एकट्याला मिळतो, समाधान एकट्याचं असतं. शांती दुसऱ्याच्या हातात देता येते. मी हा शब्द सोडणार नाही.

नगरकर
आमच्याकडे हे काम 'सलाम' करतो. पत्राच्या शेवटी 'ख्रिस्तात सलाम'. रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय काढा, ओळीनं 'सलाम सांगा'. आणि अरबी सलाम हिब्रू शालोमचाच भाऊबंद. म्हणजे व्युत्पत्तीवेडांना हवा तो पुरेपणा आम्ही रोज एकमेकांना देतोय.

शुद्ध_मराठी
पण तो परका शब्द. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी, पंडिता रमाबाईंनी ख्रिस्त अस्सल मराठीत आणला. आपण सलाम का धरून बसायचं? 'नमस्कार'ला काय झालं?

नगरकर
ना. वा. टिळकांनी १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. ते अभंग लिहीत होते, त्याच काळात मंडळ्यांत सलामही चालू होता. दोन्ही नांदले. इंग्रज मिशनरी फादर स्टीफन्सनी तर १६१६च्या ख्रिस्तपुराणात स्वर्गाला वैकुंठ म्हटलं. आपलं काय आणि परकं काय हे माणसांच्या तोंडून ठरतं.

सायली_अनुवाद
सगळ्यांचे आभार. 'देवो' आईला चाललं, पण बाबा स्वतः 'विसावा' म्हणतायत, म्हणून अजून ठरलेलं नाही. पुढची ओळ याहून अवघड आहे: देवावर 'विश्वास ठेवा', 'श्रद्धा ठेवा' की 'भरवसा ठेवा'? विश्वास त्यांचा आहेच. तो ठेवा म्हणून भाचीनं सांगणं कसंसं वाटतं.

नगरकर
'भाव'. स्तोत्र ३७: 'परमेश्वरावर भाव ठेव'. नीतिसूत्रे ३:५ मध्येही तोच.

शुद्ध_मराठी
आजच्या पिढीला भाव म्हणजे कांद्याचा.

सोलापूरची
'भाव तेथे देव' म्हणणारी माणसं अजून आहेत. तरी भाचीच्या तोंडी मी 'भार टाका' घालीन. 'तू आपला भार परमेश्वरावर टाक' (स्तोत्र ५५:२२). विश्वास आहे की नाही हे त्यात कोणी विचारत नाही. ओझं आहे हे धरलेलंच आहे, ते कुठं ठेवायचं तेवढं सांगितलंय. भूल चढताना माणसाला याहून जास्त काही जमतही नसेल.

व्युत्पत्तीवेडा
'भार' आणि 'भरवसा' एकाच मुळातले असावेत असा माझा जुना संशय आहे.

कुपारी_वसई
आधार दाखवा, मग बोलू. सायलीताई, रविवारच्या मिस्सेत बाबांसाठी प्रार्थना सांगतो.

शुद्ध_मराठी
परक्या शब्दांचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. 'वधस्तंभ' असा नेमका शब्द असताना कॅथलिक मंडळी 'क्रूस' का म्हणतात?

कुपारी_वसई
पोर्तुगीज १७३९मध्ये वसईतून गेले, क्रूस राहिला. वधस्तंभ पुस्तकात शोभतो. आमच्या वाडीच्या तोंडाशी क्रूस आहे, मे महिन्यात त्याच्यापुढं बायका रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणतात. तिथला पत्ता विचारताना वधस्तंभ म्हणून बघा, कोणी दाखवणार नाही.