मदत हवी आहे : शुक्रवारी ताईचे लायपोसक्शन आहे, क्लिनिकला नेमके काय विचारावे?

कर्वेनगरकर
माझ्या थोरल्या बहिणीचे पोटाचे व मांड्यांचे लायपोसक्शन (त्वचेखालची चरबी ओढून काढणे) येत्या शुक्रवारी पुण्यातील एका लहान डे-केअर क्लिनिकमध्ये ठरले आहे आणि आगाऊ रक्कमही भरून झाली आहे. सुरक्षिततेविषयी काहीही विचारले तरी 'निश्चिंत राहा' यापलीकडे उत्तर मिळत नाही. कोणते प्रश्न विचारावेत, ते कृपया लवकर सांगावे. 'करूच नका' हा सल्ला नको; तो आईने देऊन झाला आहे.

भूलवाला
मी भूलतज्ज्ञ आहे. ताईंचे वजन किती, एकूण किती लिटर काढणार, भूल कोणती आणि रात्री ठेवून घेणार की नाही, यांपैकी आपण काहीच लिहिलेले नाही.

सूर्यनमस्कार_रोज
मी रोज 48 नमस्कार घालून आठ महिन्यांत नऊ किलो कमी केले. सुई नाही, भूल नाही.

कर्वेनगरकर
वजन 70 किलो. सहा लिटर काढू म्हणाले. जागा बधिर करून, शिवाय शिरेतून गुंगीचे औषध देणार आणि संध्याकाळी घरी सोडणार. प्रकृती उत्तम असून कोणतेही औषध चालू नाही. (नमस्कारांबद्दल धन्यवाद, पण प्रश्न तो नव्हता.)

भूलवाला
चरबी काढण्यापूर्वी त्वचेखाली सलाइन, लिग्नोकेन (जागा बधिर करणारे औषध) आणि अ‍ॅड्रेनलिन (रक्तस्राव कमी करणारे औषध) यांचे पातळ द्रावण भरतात. या पद्धतीत लिग्नोकेनची सर्वसाधारण मर्यादा दर किलो वजनामागे 35 मिलिग्रॅम धरतात, म्हणजे ताईंसाठी 2450. एका लिटरमध्ये 500 मिलिग्रॅम असेल, तर पाचव्या लिटरच्या आतच ही मर्यादा संपते. आणि सहा लिटर काढायचे तर बहुधा निदान तेवढेच द्रावण आत जाते, म्हणजे 3000 मिलिग्रॅम. तेव्हा द्रावण अधिक पातळ करणार आहेत का, हा पहिला प्रश्न. दुसरे असे की, पाच लिटरच्या वर काढणे हे मोठ्या प्रमाणातील लायपोसक्शन मानले जाते आणि ते सुसज्ज रुग्णालयात, रात्रभर देखरेखीखाली व्हावे. या द्रावणातील लिग्नोकेनची रक्तातील पातळी बारा तासांच्या आसपास शिगेला पोहोचते. सकाळी दहाला सुरुवात केली, तर ती वेळ रात्री दहाची, म्हणजे रुग्ण घरी असताना येते.

पेठेतली_पेशंट
माझे तर पूर्ण भूल देऊन झाले आणि मला काहीही कळले नाही. अर्धवट जागे ठेवणे हा निव्वळ छळ आहे. ताईंनी पूर्ण भूलच मागावी.

भूलवाला
आपला अनुभव चांगला आहे, पण मुद्दा भुलेच्या प्रकारापेक्षा लक्ष कोण ठेवणार, हा आहे. हातात कॅन्युला (चरबी ओढणारी पोकळ नळी) धरलेला शल्यविशारद त्याच वेळी श्वास मोजू शकत नाही. स्वतंत्र भूलतज्ज्ञ, ऑक्सिजनबरोबर श्वासातील कार्बन डायऑक्साइड दाखवणारा मॉनिटर आणि लिग्नोकेनची विषबाधा झाल्यास द्यावयाचे 20 टक्क्यांचे लिपिड इमल्शन (शिरेतून द्यायचे स्निग्ध द्रावण) थिएटरमध्ये आहे का, असे स्पष्ट विचारावे.

विमा_सल्लागार
सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया आरोग्य विम्यात बसत नाही, हे ध्यानात असू द्यावे.

कर्वेनगरकर
विम्याविषयी मी विचारलेच नव्हते.

वॉर्डातली_सिस्टर
संध्याकाळी घरी म्हणजे नेमके कुठे? आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का? पुष्कळ जणी त्यांना औषधात धरतच नाहीत. पोटावर जुनी शस्त्रक्रिया?

कर्वेनगरकर
घर नाशिकला. गाडीने पाच तास लागतात. गोळ्या तीन वर्षांपासून चालू आहेत, असे ताईने आत्ता सांगितले. आठ वर्षांपूर्वी सिझेरियन झाले आहे.

वॉर्डातली_सिस्टर
मग हेच आधी लिहायला हवे होते! इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. त्यावर शस्त्रक्रिया आणि त्यावर पाच तास गाडीत पाय मुडपून बसणे. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी पाहणीत लायपोसक्शननंतरच्या मृत्यूंचे पहिले कारण फुप्फुसात अडकलेली गाठ हेच होते. गोळ्या साधारण चार आठवडे आधी बंद कराव्या लागतात, मात्र स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून, दुसरी सोय करूनच. सिझेरियनच्या व्रणाशी हर्निया नाही ना, हे सोनोग्राफीने पाहून घ्यावे, कारण कॅन्युला त्वचेखाली अंदाजाने फिरते आणि हर्नियात आतडे असेल तर तेच भोसकले जाते.

पेठेतली_पेशंट
एवढे घाबरवू नका हो.

सदाशिव_चौकस
घाबरवणे नव्हे, चौकशी आहे. डॉक्टरांची प्लास्टिक सर्जरीतील एम.सीएच. किंवा डी.एन.बी. पदवी आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेची नोंदणी पाहावी. 1949 च्या नर्सिंग होम कायद्याखालील महापालिकेचे नोंदणी प्रमाणपत्रही दाखवायला सांगावे. भिंतीवरच्या चषकांचे फोटो पुरेसे नाहीत.

कर्वेनगरकर
आज क्लिनिकला दूरध्वनी केला. समन्वयक बाईंना लिग्नोकेनचा डोस ठाऊक नव्हता, परंतु रात्री डॉक्टरांनी स्वतः फोन केला. गोळ्यांविषयी अर्जात रकाना होता. ताईने तिथे रेघ मारली होती. आता तारीख पाच आठवडे पुढे गेली असून, चार लिटरच काढणार, तेही अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात, स्वतंत्र भूलतज्ज्ञ घेऊन आणि एक रात्र ठेवून. सोनोग्राफी सोमवारी आहे. घरी आणल्यावर कशावर लक्ष ठेवावे?

वॉर्डातली_सिस्टर
दोन-तीन दिवस ताईंना पुण्यातच ठेवा आणि त्याच संध्याकाळपासून आधार देऊन थोडे थोडे चालवा. द्रावण पाझरून पट्ट्या गुलाबी भिजतात, त्याला भिऊ नये. पण दम लागणे, छातीत दुखणे, एकाच पोटरीला सूज, ताप, असंबद्ध बोलणे किंवा कमी होण्याऐवजी वाढत जाणारी पोटदुखी, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका.

सूर्यनमस्कार_रोज
पाच आठवडे हाती आलेच आहेत, तर रोज बारांपासून सुरुवात करायला काय हरकत आहे?