मदत हवी आहे : गडेलचं प्रमेय आणि माणसाचं मन

नमस्कार मंडळी. अंबाजोगाईत आम्ही काही शिक्षक रविवारी गणित-तत्त्वज्ञानावर चर्चेला बसतो. गणितज्ञ कँटरची १८९१ची कर्णयुक्ती (अंकांच्या अनंत ओळींची कशीही यादी केली, तरी कर्णावरचा एकेक अंक बदलून यादीत नसलेली ओळ बनवायची युक्ती) सगळ्यांना पटली. अनंतातही लहानमोठं असतं, हे कळल्यावर पोरं तर हरखूनच गेली. गाडी अडलीय तर्कशास्त्रज्ञ गडेलपाशी. १९३१मध्ये त्यानं दाखवलं की अंकगणित मावेल अशा सुसंगत (म्हणजे परस्परविरोधी निष्कर्ष न देणाऱ्या), यंत्रानं तपासता येणाऱ्या नियमांत एखादं विधान असं निघतंच, की ते सिद्धही होत नाही आणि त्याचा नकारही सिद्ध होत नाही. तत्त्वज्ञ ल्यूकस (१९६१) आणि पुढे गणितज्ञ-भौतिकशास्त्रज्ञ पेनरोज म्हणतात, ते विधान खरं असल्याचं आपल्याला दिसतं, म्हणून मन यंत्र नव्हे. पण त्यासाठी नियम सुसंगत आहेत हे आधी माहीत लागतं ना? ते कशावरून कळतं? मला युक्तिवाद इथंच लंगडा वाटतो. लातूर, नांदेड, परभणीकडं तर्कशास्त्र शिकवणारं कुणी असेल, तर एखाद्या रविवारी येऊन समजावून सांगाल का? येण्याजाण्याचं आणि जेवणाचं आम्ही बघू.