घाटातली मागची गाडी: मित्रांसोबतच्या बाईक ट्रिपचे अनुभव

पंचगंगाकाठ

परवा रात्री जेवताना पोरगं म्हणालं, "बाबा, रविवारी बावड्याला जायचं ठरलंय. सहाजण, तीन गाड्या." माझा घास हातातच राहिला. सहाजण, तीन गाड्या, गगनबावडा. १९९६ च्या जुलैत आमचंही नेमकं हेच होतं. मी लगेच "जा" म्हणालो, पण रात्री झोप काही लागली नाही. म्हणून हा धागा.

सकाळी सहाला फुलेवाडी सोडली. बालिंग्याच्या पुलाखाली भोगावती दुथडी भरून चाललेली. कळे गावात चहा झाला आणि साळवणपासून पावसानं असा धरला की पुढच्या गाडीचा लाल दिवा तेवढा दिसत होता. रेनकोट दोघांकडंच, बाकीच्यांनी युरियाच्या पोत्याच्या खोळी केलेल्या. बावड्यात रस्ता फुटतो, एक करूळ घाट आणि एक भुईबावडा. आम्ही करूळनं वैभववाडीकडं उतरायला लागलो. धुकं इतकं की कठड्याचे पांढरे दगड जवळ आल्याशिवाय दिसत नव्हते.

आमच्यात एक दादा होता, उद्यमनगरात लेथवर काम करायचा, आमच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा. त्यानं निघतानाच सांगून ठेवलेलं, आरशात मागचा दिवा दिसेना झाला की जिथं आहे तिथं कडेला थांबायचं. तो स्वतः कायम शेवटी. "मागं मी हाय, तुम्ही निवांत चला."

पाच-सहा वळणं उतरलो आणि मागचा दिवा गेला.

थांबलो. इंजिनं बंद केली तर नुसता पाण्याचा आवाज. पाच मिनिटं गेली, दहा गेली. कुणी कुणाकडं बघेना. धुक्यात गाडी वळवणं नको वाटलं म्हणून मी चालतच वर निघालो, एका हातानं डोंगराकडची बाजू चाचपत. दोन वळणं चढलो तर दादा रस्त्याकडंला उकिडवा बसलेला, बॅटरी दातात धरलेली, आणि त्याच्या मागं बसणारा आमचा मित्र त्याच्यावर खोळ धरून उभा. क्लच वायर तुटलेली. पण दादानं घरूनच जुन्या वायरीला लागून नवी वायर चिकटपट्टीनं बांधून आणली होती. टाकी काढायला नको, काही नको, फक्त वरचं आणि खालचं टोक बदलायचं. बोटं गारठून वळत नव्हती, म्हणून मधेमधे हात सायलेन्सरजवळ नेऊन शेकत होता. मला बघून पहिलं काय बोलला असेल? "बाकीची चारजण ठीक हायत न्हवं?" मी धरून चौघंच होतो खाली, मीच वर आलो म्हटल्यावर तिघं राहिले होते, एवढंही त्याला सुधरत नव्हतं. स्वतःचं बोट कापलेलं त्याला मी सांगितल्यावर कळलं.

मालवणला पोचलो, समुद्र बघितला, येताना आंबोलीनं आलो. पण तीस वर्षं होत आली तरी आठवतं ते त्या दोन वळणांचं चालणं. तुमचेही असे अनुभव लिहा. डोंगर कुठलाही चालेल.

रांगडा_गडी

नाद खुळा!! दादाला आपला रामराम सांगा. अजून हायत का उद्यमनगरात?

निशिगंधा_कळंबा

कुकर लावलाय, शिट्ट्या होईपर्यंत लिहिते.

२००२, आंबोली, आम्ही पाचजणी. दोन गिअरच्या गाड्या आणि एक बिनगिअरची. वडिलांची अट एकच, निपाणी, उत्तूर, आजरा, आंबोली, प्रत्येक ठिकाणच्या एसटीडी बूथवरून फोन करायचा. घरी आई फोनशेजारीच बसून होती, तिनं त्या दिवशी पोळ्यासुद्धा तिथंच बसून लाटल्या, हे मला नंतर वहिनीनं सांगितलं.

आंबोली छान झाली. हिरण्यकेशीला जाऊन आलो, धबधब्याखाली भिजलो. मग कुणाला तरी सुचलं की सावंतवाडीपर्यंत उतरूया. बिनगिअरच्या गाडीला उतारावर ब्रेकचाच आधार. अर्ध्या घाटात करपल्यासारखा वास यायला लागला आणि ब्रेक दाबला तरी गाडी ओढतच राहिली. गाडी माझ्या मैत्रिणीची होती. तिनं आवाज न करता डोंगराच्या बाजूच्या चरात घातली आणि थांबवली. मागून येणाऱ्या ट्रकवाल्या काकांनी ट्रक आडवा लावून मागची वाहनं थांबवली. म्हणाले, "पोरींनो, अर्धा तास गार होऊ द्या, पाणी ओतू नका. आणि इथनं पुढं सारखा धरून ठेवायचा नाही, दाबायचा आणि सोडायचा." अर्धा तास ते आमच्यापाशी थांबले. माल भरलेला होता, उशीर होत होता, तरी थांबले. नावही विचारलं नाही आम्ही.

येताना आजऱ्यात एकीच्या आत्याकडं मुक्काम. ओले कपडे चुलीवरच्या दोरीला, आणि घनसाळचा भात. त्या भाताचा वास आख्ख्या सोप्यात भरलेला. झाल्या शिट्ट्या, जाते.

आजरेकर७२

घनसाळ म्हटल्यावर लॉगिन करावंच लागलं. ताई, तो भात नवा असेल तर पाणी कमी घालायचं, नाहीतर गिचका होतो. आणि सोबत कुळथाचं पिठलं, दुसरं काही नको.

निशिगंधा_कळंबा

@आजरेकर७२ कोल्हापुरात खात्रीचा कुठं मिळतो हो? दुकानात घनसाळ म्हणून भलताच तांदूळ देतात.

पाना_नंबर_१४

आमचा लडाखचा किस्सा. तालमीतली पाचजणं, जुलै २०१६. गाड्या रेल्वेनं पुढं पाठवल्या, चंदीगडहून चालवत मनाली. तेव्हा अटल बोगदा झाला नव्हता, तो २०२० ला सुरू झाला, त्यामुळं रोहतांग चढूनच पलीकडं गेलो. टांडीच्या पंपावर पाटी, पुढचा पंप ३६५ किलोमीटर. तिथं आपण कोल्हापूरची माणसं जरा गप्प होतो, कारण आपल्याकडं प्रत्येक फाट्याला पंप. दोन्ही बाजूंनी कॅन बांधले.

बारालाचा खिंड चढताना गाड्यांचा दम गेला. हवा पातळ, पेट्रोल तेवढंच, त्यामुळं काळा धूर आणि प्लग काजळीनं भरतो. पहिल्या गिअरमध्ये ढकलत ढकलत वर. आईनं दिलेलं कांदा-लसूण चटणीचं पाकीट बॅगेतून काढलं तर उशीसारखं फुगलेलं! ओढे सकाळी लवकर ओलांडायचे, दुपारी बर्फ वितळून पाणी वाढतं, हे तंबूवाल्यानं सांगितलं म्हणून बरं झालं.

रात्री सरचूला तंबूत. १४ हजार फुटांच्या वर. आमच्यातला सगळ्यात दणकट गडी, रोज पाचशे जोर मारणारा, त्यालाच विरळ हवा बाधली. आधी डोकं दुखतंय म्हणाला, मग उलट्या, मग बोलताना जीभ अडखळायला लागली. तंबूवाला म्हणाला, आता सकाळची वाट बघू नका. सरचूची अडचण अशी की कुठल्याही बाजूनं खाली जायचं तर आधी खिंड चढावी लागते. लष्कराच्या छावणीत नेलं, त्यांनी ऑक्सिजन लावला, तासाभरानं जरा सुधारला. मग जीपमधून त्याला उलटा बारालाचा पार करून केलाँगला. मी त्याच्याबरोबर जीपमध्ये. बाकी तिघं रात्रीच जीपच्या मागं गाड्या घेऊन. माझी आणि त्याची गाडी तंबूवाल्याकडं राहिली.

लेह अडीचशे किलोमीटरच्या आसपास राहिलं होतं. वर्षभर पैसे साठवलेले. पण केलाँगला तो गरम वरण पिऊन झोपला तेव्हा कुणी "उद्या परत वर जाऊया का" असं एकदाही विचारलं नाही. दोन दिवसांनी गाड्या आणल्या आणि घरी आलो. लेह मी आजपर्यंत बघितलेलं नाही. त्याच्या पोरीचं बारसं मात्र बघितलं.

रांगडा_गडी

वाचून अंगावर काटा आला भावा.

मुंबईकर_मूळचा_गारगोटीचा

लोकलमधून लिहितोय. वर ज्यांनी जीभ अडखळल्याचं लिहिलंय ते सगळ्यांनी लक्षात ठेवा. नुसतं डोकं दुखणं वेगळं. बोलण्यात किंवा चालण्यात फरक पडला तर थांबायचं नाही, खाली आणायचं. आमच्या ऑफिसमधल्या एका मुलाला उशीर झाला होता. जास्त लिहवत नाही. दादर आलं.

गवा_रेडा

फोंडा घाटातनं येताना दाजीपूरच्या अलीकडं संध्याकाळी सातच्या सुमारास. चार गाड्या. वळणावर पुढच्यानं हात वर केला, आम्ही थांबलो. रस्त्यावर गवे. आधी एक, मग जंगलातनं येतच राहिले, अकरा मोजले. मोठा नर रस्त्याच्या मधोमध आडवा उभा, पायांना पांढरे मोजे घातल्यासारखे, पाठीवरनं वाफ निघत होती. दिवे मंद केले, हॉर्न नाही, इंजिन बंद. श्वासाचा फुस्स आवाज येत होता इतकं जवळ. पिल्लं पलीकडं गेल्यावर तो हलला. वीस मिनिटं तरी गेली असतील. राधानगरीत येऊन चहाचा कप हातात धरला तेव्हा चौघांचेही हात थरथरत होते.

सायंकाळनंतर त्या रस्त्याला सावकाश या, एवढीच विनंती. वळणापलीकडं काय उभं आहे दिसत नाही.

कटवडा_प्रेमी

कळ्यात चहा कुठं घेतला होता? आता तिथं मिसळ बरी मिळते का? रविवारी आम्हीपण त्याच बाजूला जाणार आहे.

पंचगंगाकाठ

@कटवडा_प्रेमी तेव्हा स्टँडसमोर छपरात घेतला होता, आता ते छप्पर नाही. मिसळ शहरातच खाऊन निघा.

शाहूवाडीची_सून

ट्रिप नाही म्हणता येणार, पण सांगते. मी त्यातल्या कुठल्याच गाडीवर नव्हते, मी घरची.

ऑगस्ट २०१९. रत्नागिरीहून आंबा घाट चढून चार मुलं रात्री आमच्या दारात आली. चिंब. पुढं केर्लीजवळ रस्त्यावर पाणी, तिकडं शिरोलीला हायवे बंद, पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आणि पाणी पन्नाशीच्या वर गेलेलं. मागं घाटात दरड पडलेली. पोरं मधेच अडकली. सासूबाईंनी काही विचारलं नाही, म्हशीच्या गोठ्याशेजारची खोली झाडून दिली.

सहा दिवस राहिली. पहिल्या दिवशी लाजत होती. तिसऱ्या दिवशी मामंजींबरोबर वैरण आणायला, चौथ्या दिवशी एकजण चुलीपुढं बसून भाकरी थापतोय. रात्री मात्र चौघंही मोबाईल हातात धरून रेंजसाठी अंगणात फिरायची. एकाचं घर शाहूपुरीत, पाणी पहिल्या मजल्यापर्यंत, आई-वडील बोटीनं बाहेर काढले हे त्याला दोन दिवसांनी कळलं. तो उठून गोठ्यात गेला. बाकी तिघं त्याच्या मागं गेली, आणि कुणीच काही बोललं नाही, नुसती त्याच्याभोवती बसून राहिली. मी चहा घेऊन गेले होते, तशीच परत आले.

दरवर्षी बेंदराला चौघं येतात. सासूबाई मागच्या वर्षी गेल्या, तेव्हा चौघांनी खांदा दिला.

निशिगंधा_कळंबा

ताई 🙏 डोळे भरून आले.

यझदीवाले_आजोबा

माझे वय ७६. आम्ही चौघे कोजागिरीला मसाई पठारावर जात असू, दोन गाड्यांवर. दूध घरून किटलीतून न्यायचे, किटली मांडीवर घेऊन मागे बसायचे काम माझे. पन्हाळ्याच्या चढाला दूध सांडू नये म्हणून चालवणारा गाडी अशी घ्यायचा की साय मोडत नसे. असे चालवणारे आता दिसत नाहीत. नातवाने हा धागा वाचून दाखवला, टंकलेखनही त्याचेच.

पाना_नंबर_१४

आजोबा, साय मोडत नसे!! हे आमच्या ग्रुपवर पाठवतोय.

पंचगंगाकाठ

सगळ्यांचं वाचतोय, एकेकाला उत्तर द्यायला जमत नाही.

@रांगडा_गडी दादा अजून उद्यमनगरातच, स्वतःचं छोटं शेड आहे. काल संध्याकाळी फोन केला, म्हटलं पोरं निघालीत. तासाभरात घरी हजर. चष्मा लावून तिन्ही गाड्या तपासल्या, चेन ताणल्या, आणि तिन्ही गाड्यांना जुन्या क्लच वायरीला लागून नवी वायर बांधून दिली. पोरगं म्हणालं, "काका, आता असं कोण करत न्हाई." दादा म्हणाला, "मग तू कर." आणि सगळ्यात शेवटी कोण चालवणार ते विचारून त्याच पोराला बाजूला घेऊन काहीतरी बोलत बसला. काय बोलला ते दोघांनीही मला सांगितलं नाही.

आज सकाळी सहाला निघाली.

कटवडा_प्रेमी

पोचली का?

पंचगंगाकाठ

आत्ताच फोटो आला. साळवणला चहाला थांबलीत, पाऊस आहे. तिन्ही गाड्या आहेत.

आजरेकर७२

@निशिगंधा_कळंबा घनसाळचं व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलंय. गावातनं मावसभाऊ येतोय, पाच किलो सांगू का?