निजामकाळात खून झालेल्या बाईचं माहेर कसं शोधावं?

प्रश्न: अंबाजोगाईकडचा १८९० च्या सुमाराचा खून. कागदात फक्त ‘अमक्याची बायको’. नाव, माहेर कुठं मिळेल?

उत्तर १: आधी साल पक्कं करा. कागदावर फसली, म्हणजे निजामी राज्याचं महसुली साल, असतं. फसली १३०० म्हणजे १८९०-९१. इसवी सन काढायला सरसकट ५९० मिळवले की जानेवारीपासूनच्या घटना एक साल मागं पडतात, आणि कागदांचा भलताच बस्ता हाती येतो.

उत्तर २: हैदराबादच्या अभिलेखागारात ‘अंबाजोगाई’ नको, ‘मोमिनाबाद’ शोधा; निजामकाळात अंबाजोगाईचं नाव तेच होतं. उर्दू वाचणारा सोबत हवाच.

उत्तर ३: खटल्याच्या कागदांत सगळा आरोपीच, मयत बाई दोन ओळींत संपते. म्हणून नात्यातून शिरा. त्र्यंबकेश्वर, नाशिकच्या तीर्थोपाध्यांकडे यजमान घराण्यांच्या वंशावळीच्या वह्या असतात; तिथं आडनाव आणि मूळ गाव सांगून सासरची वही काढा. नाव लागलं तर तिथंच. जुन्या नोंदी मोडीत असतात.