मदत हवी आहे: 'ड्राइव्हमध्ये डिस्क नाही' ही चौकट हटत नाही, पीसी शटडाऊन होत नाही

हापूस_देवगड
नमस्कार मंडळी. देवगडला आंब्याच्या पॅकिंग शेडमधला बिलिंगचा पीसी आहे, विंडोज १०. संध्याकाळी शटडाऊन दिलं की 'देअर इज नो डिस्क इन द ड्राइव्ह' अशी चौकट येते. खाली कॅन्सल, ट्राय अगेन, कंटिन्यू. काहीही दाबा, चौकट पुन्हा हजर. शेवटी पॉवरचं बटण दाबून धरावं लागतं. तसाच सोडला तर रात्रभर चालू राहतो, लाइट गेली की इन्व्हर्टर उतरेपर्यंत चालतो आणि मग धाडकन बंद. बिलांची फाइल दोनदा रिपेअर करावी लागली. व्हायरस स्कॅनमध्ये काही नाही. काय करू?

किनारा_टेक
बटण दाबून धरणं आजपासून बंद करा, फाइल त्यानेच बिघडतेय. आता तीन गोष्टी सांगा: चौकटीच्या अगदी वरच्या पट्टीवर काय लिहिलंय? कॅबिनेटला पुढे कार्ड रीडर, म्हणजे मेमरी कार्ड घालायच्या खाचा, आहे का? बॅकअप कुठे घेता?

हापूस_देवगड
पट्टीवर बिलिंगच्या प्रोग्रामच्या फाइलचं नाव आणि पुढे 'नो डिस्क'. कार्ड रीडर आहे, कधी वापरला नाही. बॅकअप पेनड्राइव्हवर, ई ड्राइव्ह. प्रोग्राम बंद करताना आपोआप होतो. पेनड्राइव्ह बऱ्याचदा घरी असतो.

किनारा_टेक
मग दुखणं सापडलं. शटडाऊन दिलं की विंडोज प्रत्येक उघड्या प्रोग्रामला 'आवरतं घे' म्हणून कळवतं. तुमचा प्रोग्राम आवरता आवरता बॅकअप काढायला ई कडे जातो. पेनड्राइव्ह नसताना ई हे अक्षर कार्ड रीडरच्या रिकाम्या खाचेने घेतलेलं असणार. ड्राइव्ह आहे पण आत कार्ड नाही, म्हणून ही चौकट. ई नावाचं काहीच नसतं तर प्रोग्रामने स्वतःचा साधा 'पाथ सापडला नाही' संदेश दिला असता. एक्सप्लोररमध्ये ही खाच दिसत नाही, कारण विंडोज रिकामे ड्राइव्ह लपवून ठेवतं.

आज संध्याकाळपुरता उपाय: चौकट टास्क मॅनेजरमध्ये (चालू प्रोग्रामची यादी) प्रोग्रामखाली दिसणार नाही, कारण ती विंडोजची सीएसआरएसएस ही प्रोसेस काढते. त्या प्रोसेसला हात लावू नका, निळा स्क्रीन येईल. आधी पेनड्राइव्ह लावून ट्राय अगेन करून बघा. त्याला दुसरं अक्षर मिळालं तर चौकट राहीलच. तेव्हा कॅन्सल सात-आठ वेळा सलग दाबा, प्रोग्राम जितक्या वेळा ई तपासतो तितक्या वेळा चौकट येते. तरीही अडलं तर कंट्रोल + शिफ्ट + एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि पट्टीवर नाव असलेला प्रोग्राम एंड टास्क करा. त्याच्यासोबत चौकटही जाते. पण बिल सेव्ह झालंय याची खात्री आधी.

कायमचा उपाय: स्टार्टवर राइट क्लिक, डिस्क मॅनेजमेंट. 'नो मीडिया' लिहिलेल्या खाचा दिसतील. प्रत्येकीवर राइट क्लिक, 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स', आणि व्ही, डब्ल्यू, एक्स अशी मागची अक्षरं द्या. मग पेनड्राइव्ह लावून त्याला ई द्या, त्या पेनड्राइव्हपुरतं विंडोज ते लक्षात ठेवतं. त्याहून बरं म्हणजे रीडर काढूनच टाका: पीसी बंद, वायर काढलेली, रीडरची केबल मदरबोर्डवरच्या ९ पिनांच्या यूएसबी हेडरमधून (केबल खोचायची जागा) उपसा. खाऱ्या हवेत त्या खाचांचे पत्रे हिरवे पडतात, न वापरलेल्या खाचेचा उपयोग नाही. बॅकअप आधी सी किंवा डी वर घ्या आणि नंतर पेनड्राइव्हवर कॉपी करा, म्हणजे पेनड्राइव्ह घरी असला तरी काही अडणार नाही.

वेळास_किनारा
दुसऱ्या कुणाला चौकट दिसतच नसेल आणि मुख्य विंडोवर क्लिक केलं की नुसता 'टुंग' आवाज येत असेल, तर ती मागे किंवा स्क्रीनबाहेर गेली आहे. टीव्ही किंवा प्रोजेक्टर लावून काढल्यावर हे हमखास होतं. आल्ट + टॅबने ती निवडा, आल्ट + स्पेस, मग एम, एकदा बाणाची कळ, आणि माउस हलवला की चौकट हाताशी येते. प्रिंटरचा संदेश असेल तर सर्व्हिसेसमध्ये प्रिंट स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारी सेवा) थांबवा, विंडोज, सिस्टम३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरमधल्या फाइल डिलीट करा आणि स्पूलर परत चालू करा.

हापूस_देवगड
डिस्क मॅनेजमेंटमध्ये चार खाचा निघाल्या, त्यातली एक खरंच ई. अक्षरं बदलली, बॅकअप डी वर वळवला. दोन्ही दिवस शटडाऊन सरळ झालं. एका व्हिडिओत रजिस्ट्रीत (विंडोजची आतली सेटिंग्ज) 'ऑटोएंडटास्क्स' ला १ द्यायला सांगितलंय. तेही करून ठेवू का?

किनारा_टेक
बिलिंगच्या पीसीवर मुळीच नको. त्याने विंडोज न विचारता अडलेला प्रोग्राम मारून टाकतं, अर्धवट बिलासकट. गाणी लावायच्या लॅपटॉपवर ठीक आहे. तसंच 'एररमोड' ला २ देऊन या चौकटी दाबायचा सल्लाही मिळेल, तोही नको. चौकट गेली तरी बॅकअप फसलेलाच राहील, आणि तुम्हाला ते कळणार नाही. डी वरच्या बॅकअप फाइलची तारीख मात्र दर शनिवारी बघत जा.